गर्दी कशासाठी ओरडत होती? ‘द फायनल क्वार्टर’ आणि हेतूचा पुरावा

एक खेळाडू चेंडू पकडतो आणि स्टेडियमभर ‘बूऽऽ’ असा आवाज उठतो. त्याने चेंडू पुढे दिला की आवाज विरतो. थोड्या वेळाने चेंडू पुन्हा त्याच्याकडे येतो आणि आवाज पुन्हा सुरू होतो. त्याच्याच संघातल्या दुसऱ्या कुणाकडे चेंडू असताना असं होत नाही. हे एखाद्या मॅचपुरतं नाही, वेगवेगळ्या शहरांतल्या मैदानांवर, आठवड्यामागून आठवडे चाललंय. ओरडणाऱ्यांची बाजू विचारली तर उत्तर तयार असतं: खेळात हुर्यो होतेच, त्यात काय एवढं?

आता समजा, हे काम तुमच्याकडे आलं. ही हुर्यो वंशद्वेषातून होती का, हे पुराव्यानिशी ठरवायचं आहे. कुठून सुरुवात कराल? ‘बू’ या आवाजात शब्द नाही, शिवी नाही, नाव नाही. हजारो लोकांच्या मनात त्या क्षणी काय होतं हे मोजायचं यंत्र नाही. आणि लोकांना विचारलं तर ‘हो, मी वंशद्वेषी आहे’ असं कोण सांगणार?

ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक इयन डार्लिंग यांचा ‘द फायनल क्वार्टर’ हा २०१९ चा माहितीपट याच प्रश्नाला भिडतो. विषय आहे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधला मोठा खेळाडू अ‍ॅडम गुड्स याच्या कारकिर्दीची शेवटची तीन वर्षं. संशोधनाच्या ब्लॉगवर खेळाचा सिनेमा कशाला, असं वाटेल. पण संशोधन आराखडा लिहायला बसलेल्या प्रत्येकाने हा एकदा वही-पेन घेऊन पाहावा असं मला वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकते. पुरावा निवडण्यात या चित्रपटाने जी शिस्त पाळली आहे ती फार थोडे थीसिस पाळतात. पण ज्या माहितीने त्याचा दावा सगळ्यात पक्का झाला असता, ती माहिती त्याने जवळजवळ वापरलीच नाही. या दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

आधी खेळ आणि खेळाडू

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही, म्हणून थोडक्यात. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, प्रत्येक संघाचे १८ खेळाडू, चार क्वार्टर. दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने गेला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण फेकता येत नाही. लाथ मारायची, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. देशातली सर्वोच्च लीग म्हणजे एएफएल. तिच्यात १८ क्लब आहेत आणि मेलबर्नकडे या खेळाचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटइतकंच आहे.

अ‍ॅडम गुड्सचा जन्म १९८० चा, साउथ ऑस्ट्रेलियातला. आईकडून तो अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे त्या भूमीवरच्या आदिवासींपैकी. त्याची आई ‘चोरलेल्या पिढ्यां’मधली. सरकारी धोरणाने ज्या आदिवासी मुलांना घरातून उचलून दुसरीकडे वाढवलं, त्यांना तिथे हे नाव आहे. गुड्स १९९९ मध्ये सिडनी स्वान्सकडून पहिली मॅच खेळला आणि त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २००३ आणि २००६ मध्ये त्याला ब्राउनलो मेडल मिळालं. पहिल्या वेळी ते तिघांत विभागून होतं. हे मेडल अंपायर देतात. प्रत्येक साखळी मॅचनंतर ते तीन खेळाडूंना ३, २, १ अशी मतं देतात, आणि ज्याच्यावर त्या मोसमात निलंबनाची कारवाई झाली तो पात्रच ठरत नाही. २००५ मध्ये सिडनीने वेस्ट कोस्टला ४ गुणांनी हरवून ७२ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात गुड्स होता. २०१२ च्या फायनलमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना तो खेळत राहिला, शेवटच्या क्वार्टरमध्ये गोल केला आणि सिडनी पुन्हा जिंकली. २००९ ते २०१२ तो संघाच्या कर्णधारांपैकी एक होता. एकूण ३७२ मॅच, ४६४ गोल.

हे आकडे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

तीन वर्षांत काय घडलं

२४ मे २०१३. मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर सिडनी विरुद्ध कॉलिंगवूड. आदिवासी खेळाडूंच्या सन्मानासाठी लीगने राखून ठेवलेल्या फेरीतली ही मॅच. सीमारेषेजवळ गुड्सला प्रेक्षकांतून ‘एप’, म्हणजे वानर, अशी हाक ऐकू आली. त्याने थांबून त्या दिशेला बोट दाखवलं आणि सुरक्षारक्षकांनी त्या व्यक्तीला बाहेर नेलं. ती निघाली १३ वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर गुड्स शांतपणे म्हणाला की दोष तिच्या एकटीचा नाही, तिला आधाराची गरज आहे, लोकांनी तिच्यामागे लागू नये. कॉलिंगवूडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर यांनी त्याच रात्री येऊन गुड्सची माफी मागितली. आणि त्याच आठवड्यात रेडिओवर बोलताना ‘किंग काँग’ या संगीत नाटकाच्या जाहिरातीला गुड्सला आणावं, असा विनोद केला.

जानेवारी २०१४ मध्ये गुड्स ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाला. हा तिथला मोठा नागरी सन्मान. त्याने ते व्यासपीठ वंशद्वेषाबद्दल बोलायला वापरलं. यानंतर हुर्यो वाढत गेली. २९ मे २०१५ रोजी, पुन्हा त्याच सन्मान फेरीत, कार्लटनविरुद्ध गोल केल्यावर त्याने प्रेक्षकांकडे तोंड करून युद्धनृत्याच्या चार पावली केल्या आणि नसलेला भाला फेकल्याचा अभिनय केला. हा नाच त्याने आदिवासी मुलांच्या १६ वर्षांखालच्या संघाकडून घेतला होता. त्यावर स्टुडिओत आणि वर्तमानपत्रांत रणकंदन झालं. जुलैअखेरीस पर्थच्या मॅचमध्ये हुर्यो इतकी झाली की त्याने रजा घेतली आणि पुढची मॅच तो खेळला नाही. मग परतला, मोसम पुरा केला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये निवृत्त झाला. फायनलच्या दिवशी निवृत्त खेळाडूंची मैदानावरून निरोपाची फेरी निघते. तीत तो नव्हता.

चित्रपटाने स्वतःला घातलेली अट

डार्लिंग यांनी एक नियम केला. चित्रपटात जे काही येईल ते त्या-त्या वेळी प्रसारित झालेलं किंवा छापलेलं असेल. मॅचचं चित्रण, पत्रकार परिषदा, टीव्हीवरच्या चर्चा, रेडिओ, वर्तमानपत्रांचे मथळे. नव्याने घेतलेली एकही मुलाखत नाही, निवेदक नाही. गुड्सही आज बसून काही सांगत नाही.

अट साधी वाटते, पण तिचा परिणाम मोठा आहे. घटना होऊन गेल्यावर माणसांना विचारलं की ती आजच्या शहाणपणातून बोलतात. ‘मला तेव्हाच ते खटकलं होतं’ असं प्रत्येकाला आठवतं. यालाच आपण स्मरणदोष म्हणतो. प्रश्नावली वापरणाऱ्या प्रत्येकाला व्हायवात यावर विचारलं जातंच. डार्लिंग यांनी ती वाटच बंद केली. २०१३ मध्ये मॅग्वायर जे बोलले ते २०१३ च्याच आवाजात ऐकू येतं. सॅम न्यूमन, अँड्र्यू बोल्ट, अ‍ॅलन जोन्स ही तिथली प्रसिद्ध माध्यम-मंडळी कॅमेऱ्यासमोर जे बोलली, तेच येतं. त्यात नंतरची सारवासारव नाही. कुणाचं चुकलं हे सांगायला निवेदक नसल्यामुळे ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

दुसरा फायदा क्रमाचा. २०१५ मध्ये खूप लोक सांगत होते की प्रेक्षक चिडले ते त्या भाल्याच्या नाचामुळे, त्याने लोकांना डिवचलं. पण सगळं तारखांच्या ओळीत लावलं की दिसतं, हुर्यो नाचाच्या आधीपासून सुरू होती. कारण परिणामाच्या आधी घडलेलं असावं लागतं, हा कार्यकारणभावाचा पहिला आणि सगळ्यात स्वस्त निकष. गंमत म्हणजे भल्याभल्यांकडून तोच निसटतो. नाचामुळे हुर्यो वाढली असं म्हणता येईल. नाचामुळे ती सुरू झाली, असं म्हणता येत नाही.

आता विरुद्ध बाजूचे हायपोथेसिस

चांगला संशोधक विरोधकाचं म्हणणं त्याच्या सगळ्यात मजबूत रूपात मांडतो आणि मग तपासतो. हुर्योच्या समर्थकांकडे मुख्य तीन मुद्दे होते.

पहिला: गुड्स फ्री किक मिळावी म्हणून मुद्दाम पडतो, त्याची खेळण्याची रीतच लोकांना आवडत नाही. ठीक. मग या हायपोथेसिसप्रमाणे काय दिसायला हवं? एक, असं करणाऱ्या इतर खेळाडूंनाही देशभर, दर आठवड्याला, अशीच हुर्यो व्हायला हवी. दोन, गुड्सला ती २००४ मध्येही व्हायला हवी होती, २००८ मध्येही. माणूस तोच, अंगकाठी तीच, खेळ तोच. अंपायरांनी तर त्याला दोनदा सर्वोच्च मान दिला. अंपायरांची मतं म्हणजे अंतिम सत्य नव्हे. पण पडण्याची सवय हे कारण असेल, तर ते नेमकं वयाच्या तेहतिसाव्या वर्षानंतरच का लागू झालं, याचं उत्तर त्या हायपोथेसिसकडे नाही.

दुसरा: त्याने एका लहान मुलीला सगळ्या देशासमोर उभं केलं, राग त्याचा आहे. हा मुद्दा वेळेच्या दृष्टीने बसतो, म्हणून तो जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. पण इथे मूळ नोंदीकडे जावं लागतं. बोट दाखवताना ती किती वर्षांची आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि कळल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती तिला सांभाळून घेण्याची. ती पत्रकार परिषद सगळ्यांनी पाहिली होती. म्हणजे या हायपोथेसिसला टिकायचं असेल तर लोकांनी ते बोलणं विसरलेलं असावं लागतं आणि फक्त बोट आठवलेलं. आणि तसं असेल, तर मग प्रश्न उरतो की नेमकं तेवढंच का आठवलं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात शिकवून गेला. लीगमध्ये इतके आदिवासी खेळाडू आहेत, त्यांना कुठे हुर्यो होते? मग हा वंशद्वेष कसा? ऐकायला किती शास्त्रीय वाटतं! यात चक्क कंट्रोल ग्रुप आहे. एमएस्सीला असताना मीही हा युक्तिवाद मान्य केला असता.

पण कंट्रोल ग्रुप चुकीचा निवडला आहे. या तुलनेत असं गृहीत धरलंय की व्हेरिएबल एकच आहे: आदिवासी असणं. समजा दोन व्हेरिएबल आहेत: आदिवासी असणं आणि त्याबद्दल मोठ्या व्यासपीठावरून, न ओशाळता बोलणं. यातलं एकेकटं फार काही करत नाही. दोन्ही एकत्र आले की परिणाम उसळतो. प्रयोगशाळेत हे रोज दिसतं. दोन रसायनं वेगवेगळी ठेवली तर शांत, एका नळीत घातली की फसफस. संख्याशास्त्रात याला आंतरक्रिया म्हणतात. गप्प राहून गोल करणारा आदिवासी खेळाडू लोकांना आवडतो, एवढ्याने वंशद्वेष नाही असं सिद्ध होत नाही. उलट त्या आवडण्याला एक अट जोडलेली होती, हेच त्यातून दिसतं. आणि गुड्स ती अट २०१३ मध्ये मोडतो.

मला हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. चित्रपट तो शब्दांत मांडत नाही, पण पुरावे अशा ओळीत लावतो की तुम्ही तिथे पोचता.

जिथे चित्रपट कमी पडतो

आता तक्रार. पहिल्या हायपोथेसिसचं उत्तर देताना मी कशाचा आधार घेतला? १९९९ ते २०१२ या चौदा मोसमांचा. म्हणजे बेसलाइनचा. आणि चित्रपटाचा सगळा भर आहे शेवटच्या तीन वर्षांवर. नावच ‘फायनल क्वार्टर’. कथा म्हणून हे बरोबर आहे, सव्वा तासात आवळून बसवायचंय. पण पुरावा म्हणून हे स्वतःच्या पायावर धोंडा मारणं आहे. आधी आणि नंतर यांची तुलना असेल तरच ‘बदल’ हा शब्द वापरता येतो. खेळ माहीत नसलेला माझ्यासारखा प्रेक्षक पहिल्या दृश्यांपासून हुर्योच ऐकतो आणि त्याला वाटू शकतं की या माणसाचं प्रेक्षकांशी कायम वाकडंच होतं. २००५ आणि २०१२ च्या गर्दीचा आवाज, इतर शहरांत त्याचं तेव्हा होणारं स्वागत, एका वेगळ्या मोसमातली साधी, काहीच न घडलेली मॅच, यातलं थोडं जरी निवांत दाखवलं असतं तरी पुढचा प्रत्येक ‘बू’ दुप्पट बोलला असता. गुड्सची कारकीर्द हा या चित्रपटाचा कंट्रोल होता. तो हाताशी असून वापरला नाही.

दुसरी मर्यादा संग्रहाची. टीव्हीचा संग्रह म्हणजे टीव्हीने निवडलेलं जग. कॅमेरा जिथे गेला नाही ते त्यात नाही. त्यामुळे चित्रपटात ओरडणारा माणूस बहुतेक वेळा आवाज म्हणूनच भेटतो. त्याच्या वतीने बोलतात ते स्टुडिओतले पगारी लोक. गॅलरीत बसलेला, बाकीच्यांनी केलं म्हणून आपणही ‘बू’ केलेला, घरी जाताना थोडं ओशाळलेला कुणी असेल, तर तो या पुराव्यात सापडणार नाही. तसंच आदिवासी कुटुंबांच्या घराघरांत हा आवाज कसा ऐकला गेला, तेही फारसं नाही. ‘मी फक्त मूळ साधनं वापरली’ असं अभिमानाने लिहिताना, ती साधनं कुणी, कशासाठी जमवली हे सांगणं हा तुमच्या पद्धती-प्रकरणाचा भाग आहे.

तिसरी गोष्ट: निवेदक नसणं म्हणजे तटस्थ असणं नव्हे. कोणत्या वाक्यानंतर कोणतं दृश्य लावायचं हे संपादकच ठरवतो. एखाद्या समालोचकाचं बेफिकीर वाक्य आणि लगेच गुड्सचा थकलेला चेहरा, हा युक्तिवादच आहे. मला तो पटतो. पण ‘डेटा स्वतःच बोलतो’ असं कुणी या चित्रपटाबद्दल म्हटलं तर ते खरं नाही. डेटा कधीच स्वतः बोलत नाही. तुम्ही आलेख काढताना अक्ष कुठून सुरू करता तिथूनच तुमचं बोलणं सुरू झालेलं असतं.

शेजारी दुसरा चित्रपट ठेवून पाहा

त्याच वर्षी याच विषयावर दुसरा माहितीपट आला, ‘द ऑस्ट्रेलियन ड्रीम’. दिग्दर्शन डॅनियल गॉर्डन यांचं, लेखन स्टॅन ग्रँट या विराजुरी समाजातल्या पत्रकाराचं. त्याची पद्धत नेमकी उलटी, मुलाखतींची. गुड्स स्वतः बोलतो, त्याच्या जवळची माणसं बोलतात. अँड्र्यू बोल्ट यांनाही त्यात जागा आहे. १९९३ मध्ये कॉलिंगवूडच्या मैदानावर वांशिक शिव्या ऐकून जर्सी वर उचलून आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवणारा निकी विनमारही भेटतो. त्या चित्रपटात इतिहास आहे, दुखणं आहे, आईची गोष्ट आहे, म्हणजे ‘फायनल क्वार्टर’मध्ये नाही ते बरंच आहे. पण सगळं मागे वळून पाहताना सांगितलेलं.

एकच घटना, दोन पद्धती, आणि निष्कर्ष एकाच दिशेने जातात. यालाच आपण पुस्तकात त्रिकोणीकरण नावाने पाठ करतो. इथे ते प्रत्यक्ष दिसतं. कमी वेळ असेल तर आधी ‘फायनल क्वार्टर’ पाहा. घटनेत ‘काय झालं’ ते आधी कळावं, ‘काय वाटलं’ ते नंतर. उलट क्रमाने पाहिलं तर सहानुभूती आधी येते आणि पुरावा तपासायची इच्छा संपते.

चुकीचा एकक

आता परत पहिल्या प्रश्नाकडे. ओरडणारा प्रत्येक माणूस वंशद्वेषी होता का?

दोन्ही चित्रपट पाहून, बरंच वाचून मला असं वाटतं की हा प्रश्नच नीट बेतलेला नाही. विश्लेषणाचा एकक चुकला आहे. एकेका माणसाच्या मनात काय होतं हे कळायला मार्ग नाही, आणि ते कळायची गरजही नाही. हुर्यो ही समूहाची गोष्ट आहे, तिचे गुणधर्म समूहाच्या पातळीवर पाहायचे असतात. ती कुणावर होते, कधीपासून, कोणत्या घटनेनंतर चढते, इतर कुणाला लागू होत नाही. एकेका रेणूला तापमान नसतं, पण वायूला असतं. तसंच हे. समूहाची वागणूक वंशद्वेषी असायला त्यातला प्रत्येक जण तसा असावा लागत नाही. काही जण द्वेषाने ओरडले असतील, काही सवयीने, काही शेजारचा ओरडला म्हणून. ऐकणाऱ्याच्या कानावर पोचला तो एकच आवाज.

शब्द नसणं हीच या आवाजाची ढाल होती, हेही इथे लक्षात येतं. १९९५ मध्ये एसेंडनच्या मायकल लाँगने मैदानावरच्या वांशिक शिवीगाळीविरुद्ध तक्रार लावून धरली, तेव्हा लीगने त्याविरुद्ध नियम केला. पण तो नियम शब्द पकडतो. ‘बू’ला शब्दच नाही. म्हणून लीगचे अधिकारीही बराच काळ ‘वंशद्वेष’ हा शब्द तोंडातून काढायला तयार नव्हते. मोजायची पट्टी ज्या आकाराची, तेवढंच आपल्याला दिसतं. याचं इतकं महागात पडलेलं उदाहरण विरळाच.

आणि एक टप्पा असा येतो जिथे हेतूचा वाद संपतोच. ज्याच्यावर हे चाललंय तो जाहीरपणे सांगतो की मला याचा त्रास होतोय, का होतोय तेही सांगतो. त्यानंतरही तुम्ही ओरडलात, तर सुरुवात कशाने झाली होती याला अर्थ उरत नाही. जुलै २०१५ नंतरचा ‘बू’ हा वेगळाच डेटा आहे. तो आधीच्या डेटात मिसळून सरासरी काढायची नाही.

पुढे काय झालं

‘फायनल क्वार्टर’ जून २०१९ मध्ये सिडनी चित्रपट महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. त्याच वेळी एएफएल आणि सगळ्या १८ क्लबांनी गुड्सची बिनशर्त माफी मागितली आणि आपण वेळेवर त्याच्या बाजूने उभे राहिलो नाही हे मान्य केलं. चार वर्षं उशिरा. पुरावा नवा काहीच नव्हता; सगळं त्यांच्याच प्रक्षेपणातलं, त्यांच्याच मैदानावरचं. फक्त कुणीतरी ते सलग लावून दाखवलं. २०२१ मध्ये लीगने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याने नकार दिला. माफी मागितली म्हणून प्रयोग पूर्वपदावर येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते.

हे वाचून ‘ऑस्ट्रेलियन लोक बघा कसे’ म्हणून मोकळं व्हायची सोय मात्र आपल्याला नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये अँड्र्यू सायमंड्स भारतात खेळत होता. आधी वडोदऱ्याला आणि मग आपल्या वानखेडेवर प्रेक्षकांनी त्याला माकडाचे आवाज काढले, माकडचाळे करतानाचे प्रेक्षकांचे फोटो छापून आले, पोलिसांनी काहींना पकडलं. तेव्हा आपल्याकडेही म्हणणारे होतेच की आम्ही माकडाला मारुती मानतो, यात अपमान कसला. गुड्सला मारलेल्या हाकेत प्राणी तोच होता आणि बचावाचा साचाही तोच: आमच्या मनात तसं काही नव्हतं.

म्हणून हा चित्रपट पाहताना एक काम करा. मध्ये रेघ मारून वहीचं पान दोन भागांत वाटा. डावीकडे पडद्यावर प्रत्यक्ष दिसलेली आणि ऐकू आलेली गोष्ट तारखेसह लिहा. उजवीकडे त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष. संपल्यावर उजव्या बाजूच्या प्रत्येक ओळीला डावीकडे आधार आहे का बघा. माझ्या उजव्या बाजूच्या तीन ओळी अशा निघाल्या की ज्यांना डावीकडे काहीच नव्हतं. मी त्या आधीच ठरवून बसले होते. त्यातल्या दोन अजूनही मला खऱ्या वाटतात. पण आता मला माहीत आहे की त्या मी सिद्ध केलेल्या नाहीत.